वायूआधी पाण्याचा हिशेब

कोळसाखाणीतला मिथेन हा खाणकामगारांचा जुना वैरी. १९६५ साली आजच्या झारखंडमधील ढोरी खाणीत झालेल्या स्फोटात अडीचशेहून अधिक कामगारांचे प्राण गेले. हाच वायू खोदकामाआधी बाहेर काढला, तर खाण अधिक सुरक्षित होते आणि इंधनही मिळते. शिवाय, हवेत सुटलेला मिथेन १०० वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट तापमानवाढ घडवतो. तेव्हा तो वाया न घालवण्यातच शहाणपण आहे.

मग घोडे अडते कुठे? केंद्र सरकारने १९९७ मध्ये यासाठी धोरण आखले, २००७ मध्ये पश्चिम बंगालमधील राणीगंज भागात व्यावसायिक उत्पादन सुरू झाले. तरीही देशाच्या वायू उत्पादनात त्याचा वाटा किरकोळच आहे.

हा वायू एखाद्या पोकळीत साठलेला नसतो. तो कोळशाच्या सूक्ष्म छिद्रांत चिकटलेला असतो आणि पाण्याच्या दाबाने तिथेच अडकून राहतो. विहिरीतून महिनोन्‌महिने पाणी उपसावे, तेव्हा कुठे दाब उतरून वायू सुटू लागतो. कोळशातल्या भेगा अरुंद असतील, तर थर मुद्दाम फोडावा लागतो. एका विहिरीतून वायू थोडाच मिळतो, म्हणून विहिरी अनेक लागतात. राणीगंज, झरियासारख्या दाट वस्तीच्या पट्ट्यात तेवढी जागा आणायची कुठून?

त्याहून मोठा प्रश्न उपसलेल्या पाण्याचा. ते बहुधा क्षारयुक्त असते. सोडियम जास्त असलेले पाणी चिकणमातीच्या शेतात गेले, की माती घट्ट होते आणि पाणी मुरेनासे होते. अमेरिकेतील पावडर नदीच्या खोऱ्यात याच पाण्यावरून शेतकरी आणि कंपन्या यांच्यात वर्षानुवर्षे वाद झाले.

म्हणून या वायूला विरोध नको, पण उधारीचा हिशेबही नको. विहीर खणण्याआधी परिसरातल्या भूजलाची पातळी आणि प्रत मोजून ठेवावी. किती पाणी उपसले, त्यात काय होते, ते कुठे सोडले आणि किती वायू गळाला, हे गावकऱ्यांना समजेल अशा भाषेत जाहीर व्हावे. शुद्धीकरणाचा खर्च वायूच्या किमतीतच धरावा. तो धरल्यावर प्रकल्प परवडत नसेल, तर तो आधीही परवडत नव्हताच. फक्त बिल गावाच्या नावावर फाडले जात होते.