802 किलोमीटरचं राहू द्या, दहा किलोमीटरचं बोला

नागपूर-गोवा शक्तिपीठ महामार्ग 2025 च्या आराखड्यात 802 किलोमीटरचा. खर्च 86,000 कोटींच्या घरात. सांगली-कोल्हापूरचे शेतकरी ‘आमच्या जमिनी नका घेऊ’ म्हणत रस्त्यावर उतरले, तरी जून 2025 मध्ये मंत्रिमंडळाने भूसंपादनासाठी 20,000 कोटींची सोय करून टाकली. मिरजेच्या माणसाला रात्री उशिरा दहा किलोमीटरवरच्या सांगलीला जायचं असेल तर कसं जायचं, याचं उत्तर मात्र कुठल्याच मंत्रिमंडळाकडे नाही.

मिरज स्टेशनबाहेर सकाळी उभं राहून बघा. अथणी-रायबागकडून आलेला पेशंट, काखेत एक्स-रेचं पाकीट, सोबत भेदरलेली म्हातारी. 1894 साली मिशनरी डॉ. वानलेसांनी इथं दवाखाना काढला, 1962 मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आलं. तेव्हापासून आम्ही ‘वैद्यकनगरी’ म्हणून छाती काढून फिरतो. पण त्या म्हातारीला कोणती बस, कुठून, किती वाजता, हे कोण सांगणार? सांगतो तो वडापवाला, म्हणजे शिटा भरून रिक्षा हाकणारा. ‘बसा मावशी, दोन शिटा झाल्या की हललोच.’ दोन होतात, तिसरी होते, चौथी ड्रायव्हरच्या मांडीला मांडी लावून बसते. तोवर ओपीडीचा केसपेपर काढायची वेळ टळलेली असते.

वडापवाल्याच्या नावानं बोटं मोडणं सोपं आहे. अधूनमधून कारवाईची मोहीम निघते, चार रिक्षा जप्त होतात, पेपरात फोटो येतो आणि पुढच्या आठवड्यात ‘सांगली, सांगली’ची हाळी पुन्हा सुरू होते. होणारच. माणसं आहेत, पुरेशा बस नाहीत. खरं तर या भागातला सगळ्यात अभ्यासू वाहतूक नियोजक वडापवालाच आहे. कुठल्या कोपऱ्यावर किती वाजता किती माणसं उभी असतात, हे त्याला तोंडपाठ आहे. साहेबांच्या फायलीत ते कुठंच नाही.

आणि हे कुठल्या गावात? कोल्हापूर संस्थानानं 1891 मध्ये मिरजेपर्यंत रेल्वे आणली. सांगली संस्थानानं 1907 मध्ये मिरजेला फाटा जोडला. 1927 मध्ये पंढरपूरकडून बार्शी लाईट आली. पुढे ब्रॉडगेज, मीटरगेज, नॅरोगेज अशा तिन्ही रुळांच्या गाड्या आमच्या एका स्टेशनात उभ्या राहत. एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या संस्थानिकांना कळत होतं की रूळ एकमेकांना भिडले पाहिजेत. आम्ही 1998 मध्ये सांगली, मिरज आणि कुपवाडची एक महापालिका केली, पण पाच लाखांवर वस्तीच्या या महापालिकेला स्वतःची बससेवा काही उभी करता आली नाही. शेजारच्या कोल्हापूरची केएमटी आहे. पुणे-पिंपरीनं 2007 मध्ये दोन सेवा मोडून एक पीएमपी केली. तिच्याही नावानं लोक शंख करतात, पण निदान कुणाच्या नावानं करायचा हे तरी त्यांना ठाऊक आहे! इथं महापालिका एसटीकडं बोट दाखवते, एसटी तोट्याकडं, रेल्वे दिल्लीकडं.

आजही पुणे, कोल्हापूर, बेळगाव आणि पंढरपूर असे चार दिशांचे रूळ मिरजेत मिळतात. सांगली-मिरजेच्या मधे विश्रामबागला स्टेशन आहे. सांगली, विश्रामबाग, मिरज, जयसिंगपूर, हातकणंगले, कोल्हापूर अशी तासाला एक लोकल मागितली की उत्तर तयार असतं : कोल्हापूरचा मार्ग एकेरी आहे. मग तो दुहेरी करा! 802 किलोमीटरचा नवा रस्ता सुचतो आणि पन्नासच्या आतला दुसरा रूळ सुचत नाही?

गाड्या नव्हे, माणसं हलवायचं बघा, असं केंद्राचं शहरी वाहतूक धोरण 2006 पासून सांगतंय. आम्ही त्याचा अर्थ ‘आणखी एक उड्डाणपूल’ असा लावला. केंद्राच्या योजनेतल्या ई-बस येतील तेव्हा येवोत. स्टेशन, एसटी स्टँड आणि दवाखाने यांना जोडणारा मार्ग आणि रेल्वेच्या वेळेशी जुळणारं वेळापत्रक नसेल, तर त्या बसही डेपोत धूळ खातील. वडापला ठरलेले थांबे, ठरलेलं भाडं आणि परवाना द्या. सांगली-कोल्हापूर मिळून एकच वाहतूक प्राधिकरण नेमा, म्हणजे जाब कुणाला विचारायचा ते कळेल.

जमत नाही, असं म्हणायची सोय नाही. एप्रिल 2016 मध्ये लातूर तहानलं, तेव्हा याच स्टेशनातून दहा वाघिणींची पहिली पाणीगाडी सुटली, पाच लाख लिटर घेऊन. तेव्हा रेल्वे, जिल्हा प्रशासन आणि पाणीवाले असे सगळे एका टेबलाशी बसले होते. म्हणजे टेबल आहे, खुर्च्याही आहेत.

दर निवडणुकीत सांगलीजवळच्या कवलापूरच्या रखडलेल्या विमानतळाचं विमान उडवणारे पुन्हा दारात येतील. त्यांना एवढंच विचारा : सिटी बसमध्ये शेवटचे कधी चढला होता? उत्तर आलं नाही, तर दारातूनच वाटेला लावा. चालत.