पंगतीआधीची यादी

‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ची पडद्यामागची पुस्तकं जुन्या बाजारात दिसली, खाऊच्या पैशांतून घेऊ का, असं बडोद्याच्या वासण्यातून भाच्यानं विचारलंय. टेबलाभोवती बसायचं, प्रत्येकानं एक पात्र व्हायचं, फासे टाकत गोष्ट पुढं न्यायची, असा हा १९७४ पासूनचा अमेरिकी खेळ. (पुस्तकं इंग्रजी असली तरी राजानं मराठीत आणि राक्षसानं कन्नडात बोलायला कुणाची ना नाही!)

चौथी आवृत्ती जून २००८ मध्ये आली. त्याआधीच ‘रेसेस अँड क्लासेस’ (डिसेंबर २००७) आणि ‘वर्ल्ड्स अँड मॉन्स्टर्स’ (जानेवारी २००८) विकायला आली होती. चित्रं देखणी, पण खेळायचे नियम नाहीत. जेवण राहिलं बाजूला, आचाऱ्याची यादीच विकत घ्यायची! पाचव्या आवृत्तीच्या वेळी तर २०१२ पासून कच्चे नियम लोकांना फुकट तपासायला दिले होते. आता २०२४ चे नियमही आलेत.

तरी सरसकट नको म्हणवत नाही. ड्रॅगनबॉर्नसारखी जमात कशी घडवली, जुनी विश्वरचना का मोडली, हे खुद्द करणाऱ्यांकडूनच त्यांत कळतं. मूल वहीत स्वतःचे नकाशे काढून खेळ रचत असेल, तर ‘वर्ल्ड्स अँड मॉन्स्टर्स’ स्वस्तात मिळाल्यास जरूर घ्यावं. नुसतं खेळायचं असेल, तर आधी फासे आणि नियमांचं पुस्तक.