संशय आधी कपड्यांवर येतो

पहाटे आकुर्डीच्या खंडोबा माळ चौकात कंपनीच्या बसची वाट पाहत कामगार उभे असतात. अंगात गणवेश, गळ्यात ओळखपत्र. त्यांच्याकडे कुणी वळूनही पाहत नाही. त्यांच्यातलाच एखादा बिहारी किंवा आसामी तरुण सुटीच्या दिवशी मळक्या बनियनवर सोसायटीच्या गेटपाशी थांबला, की व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो पडतो : ‘संशयास्पद व्यक्ती, लक्ष ठेवा.’ थांबणे तेच; बदलले ते कपडे.

आपण वागणे पाहून संशय घेतो, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात मेंदू आधी माणसाला एखाद्या गटात टाकतो आणि मग त्याच्या वागण्याचा अर्थ लावतो. १९७६ मध्ये अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बर्ट डंकन यांनी गोऱ्या विद्यार्थ्यांना वादात दिलेला एक धक्का दाखवला. धक्का देणारा काळा असेल, तर तीच कृती कितीतरी अधिक जणांना हिंसक वाटली. २०११ मध्ये जोनाथन फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी संगणकावर थोडे थोडे बदलत नेलेले चेहरे दाखवले. सफाई कामगाराचा पोशाख असला, की चेहरा काळ्या माणसाचा आहे असे म्हणण्याकडे कल वाढला. सुटाबुटात तो गोऱ्याचा ठरू लागला. कपडे चेहऱ्याचा वंशसुद्धा ठरवतात, हे मला त्यातले सर्वांत अस्वस्थ करणारे वाटते.

अमेरिकेचे राहू द्या. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात आठवडी बाजाराच्या दिवशी पाच जणांना जमावाने ठार मारले. ते मंगळवेढ्याकडचे, भिक्षेवर जगणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या जमातीतले होते. मुले पळवणाऱ्या टोळीची अफवा मोबाइलवरून आधीच पोहोचली होती. अशा वेळी परक्या माणसाने लहान मुलीशी बोलणे हाच पुरावा ठरतो. एप्रिल २०२० मध्ये पालघरच्या गडचिंचल्यात दोन साधू आणि त्यांचा चालक मारले गेले, तेव्हाही अशीच अफवा होती. एरवी ज्या वेशापुढे हात जोडले जातात, त्याने त्या रात्री संरक्षण दिले नाही. साधूच्या वेशात चोर येतात, हेही अफवेने शिकवलेले असते.

सावधगिरी सोडा, असे कुणी म्हणणार नाही. पण ग्रुपवर फोटो टाकण्याआधी एक वाक्य लिहून पाहावे : या माणसाने नेमके काय केले? ‘कुलूप ओढून पाहिले’ असे उत्तर असेल, तर ११२ वर फोन करावा. ‘इथला वाटत नाही’ एवढेच असेल, तर खाली उतरून ‘कुणाकडे आलात?’ असे विचारता येते. बऱ्याचदा तो खोलीचा पत्ताच शोधत असतो.