शेवटाशीं भांडण

आमच्या जालन्यांतील एक वयोवृद्ध ख्रिस्ती धर्मोपदेशक आमचे जुने स्नेही आहेत. त्यांच्या समाजाचा या भागाशीं संबंधहि जुनाच; ब्राह्मण कुळांतून ख्रिस्ती झालेले रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनीं एकोणिसाव्या शतकांत येथून जवळच बेथेल हें गांव वसविलें. या स्नेह्यांस आम्हीं मागें बाबा पदमनजी यांचें 'यमुनापर्यटन' वाचावयास दिलें. १८५७ सालीं निघालेली ही कथा मराठींतील पहिली कादंबरी समजली जाते. तींतील यमुना नवऱ्याबरोबर प्रवास करितां ठिकठिकाणच्या विधवांचीं दुःखें पाहते, पुढें स्वतःच विधवा होते आणि शेवटीं ख्रिस्ती होऊन पुनर्विवाह करिते. ग्रंथकर्तेहि धर्मोपदेशकच; तेव्हां आमचे स्नेही शेवटाची वाखाणणी करणार व आम्ही वाद घालणार, अशा तयारीनें आम्ही बसलों होतों.

पुस्तक परत देतांना ते म्हणाले, "गुरुजी, शेवट मला घाईचा वाटला. हा आम्हां उपदेशकांचा दोष आहे. रडणाऱ्या माणसाजवळ घटकाभर बसावें, तों आम्ही औषध सांगूं लागतों. पण त्या विधवा मात्र खऱ्या वाटल्या. तशी एखादी आपण पाहिली होती काय?"

आम्ही निरुत्तर झालों. आमच्या वडिलांच्या आत्या, सर्वांच्या माई, आमच्या शाळकरी वयांत घरींच वारल्या. अकराव्या वर्षीं आलेलें वैधव्य. केशवपन, अलवण, एकभुक्त आणि जन्मभर सोवळ्याचा स्वयंपाक. विधवाविवाहाचा कायदा १८५६ सालींच झाला होता. पण तो कंपनीच्या मुलखापुरता, आणि जालना निजामाच्या राज्यांत. कायदा येथें असता तरी आमच्या घरानें त्याचा उपयोग केला असता, असें म्हणवत नाहीं. माईंच्या हातच्या पुरणपोळ्या आम्हीं खाल्ल्या. त्यांच्या मनांत काय आहे, हें कोणीं विचारलें नाहीं.

चाळीस वर्षें 'हा धर्मप्रचार' एवढा शेरा मारून आम्हीं ती कादंबरी मिटून ठेविली. शेवट पटत नाहीं, म्हणून मधलीं दुःखेंहि मनावर घेऊं नयेत, असा सोयीचा न्याय आम्हीं लाविला. आमच्या स्नेह्यांनीं आपल्या माणसांचा दोष मोकळेपणें सांगितला. आमचा सांगावयाचा राहिला होता.

वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं एखादी माई होऊन गेली असेल. तिचें पाळण्यांतलें नांव काय होतें, एवढें तरी त्यांनीं घरांतील वडीलधाऱ्यांस विचारून ठेवावें. आमच्या माईंचें आम्हांस ठाऊक नाहीं, आणि सांगणारें आतां कोणी उरलें नाहीं.