रेष कोणाची, लाळ कोणाची?

मंडळी, आज जरा भांडायचंय.

भिवंडीत लूमवरून उतरलेलं कापड चेकिंगला जातं. विणणारा वेगळा, बघणारा वेगळा. आपल्याकडेही स्वतःचा कोड स्वतःच रिव्ह्यू करून पास करणाऱ्याला आपण हसतो. मग रेडिओथेरपीत "डॉक्टर अनुभवी आहेत हो, दुसरा कशाला?" हे उत्तर का चालवून घ्यायचं?

तोंडाच्या कॅन्सरचं उदाहरण घ्या. तंबाखूच्या कृपेने आपल्याकडे तो चिक्कार. भिवंडीचा पेशंट ठाणे गाठून लोकलने परळला टाटाला जातो. मशीन सुरू व्हायच्या आधी सीटी स्कॅनच्या एकेका कापावर डॉक्टर अवयवांच्या कडा आखतात. त्यात पॅरोटिडही येते. गालफुगीत सुजते ना, तीच लाळग्रंथी. दोन्ही बाजूंच्या ग्रंथींचा सरासरी डोस 25 ग्रेच्या खाली ठेवा, असं 2010 चं क्वांटेक सांगतं. जास्त गेला तर तोंड कोरडं पडतं. भाकरीचा घास पाण्याशिवाय उतरत नाही, तोही कधीकधी कायमचा.

आता साधं गणित. समजा एकाने ग्रंथी 20 मिली आखली, सरासरी 30 ग्रे. नापास. दुसऱ्याने कडेचा 5 मिली भाग जास्त धरला, तिथे डोस फक्त 4 ग्रे. नवी सरासरी 24.8. पास! पेशंटच्या गालात एका कणाचाही फरक नाही. फक्त रेष हलली.

यावर आपल्या जमातीचं उत्तर ठरलेलं: "एआय आखेल की!" अहो, पण ते शिकलं कोणाच्या रेषांवरून? एका हॉस्पिटलची सवय शिकलेलं सॉफ्टवेअर तीच सवय न थकता गिरवणार. सातत्य म्हणजे अचूकपणा नव्हे. वर आपण डाइस स्कोअर मिरवतो. 1945 साली ली डाइस या जीवशास्त्रज्ञाने प्रजातींची सोबत मोजायला काढलेलं हे माप दोन आकृत्या किती जुळतात ते सांगतं. चूक कुठे झाली ते सांगत नाही. यकृतासारख्या मोठ्या अवयवात एका कडेला सेंटिमीटरभर चुकलं तरी स्कोअर छान दिसतो. ती कड नेमकी ट्यूमरला लागून असली तर?

नियम नाहीत म्हणावं, तर तेही नाही. डोकं-मानेच्या अवयवांची आंतरराष्ट्रीय एकमताची नियमावली 2015 मध्येच आकृत्यांसकट आली. देशातल्या कॅन्सर केंद्रांना जोडणारं नॅशनल कॅन्सर ग्रिड 2012 पासून आहे. मग मागणं एवढंच: कोणते नियम वापरले ते प्लॅनवर लिहा, उपचाराआधी दुसऱ्या डोळ्यांनी रेषा तपासा, आणि अधूनमधून एकच स्कॅन सगळ्यांना आखायला देऊन फरक उघड मांडा.

वेळ नाही म्हणता? एआयने वाचवलेला वेळ इथेच घाला. कापडाच्या ताग्याला दुसरी नजर मिळते, माणसाच्या गालाला का नको?

असो. चिडलो खरा, पण मुद्दा सोडत नाही.