तुपाला घाबरू नका, ई.सी.जी. चुकवू नका

गेल्या पंधरवड्यात शहादा तालुक्यातील एक शेतकरी आपल्या सहा वर्षांच्या मुलाला घेऊन दवाखान्यात आला. तीन औषधे चालू असूनही मुलाला दिवसातून पाच-सहा वेळा फिट येते. मुंबईच्या मेंदूविकार तज्ज्ञांनी कीटोजेनिक आहार सुचवला होता. सोबतच्या आजीने तो कागद माझ्यापुढे सरकवून विचारले, "डाक्टर भाऊ, इतलं तूप पोरले झेपी का?"

प्रश्न रास्त आहे. तूप कमी खा, हे आम्हीच डॉक्टर मंडळी आयुष्यभर सांगत आलो! या आहारात मात्र प्रथिने व पिष्टमय पदार्थ मिळून एक ग्रॅम, तर त्यामागे चार ग्रॅमपर्यंत स्निग्ध पदार्थ असतात. भाकरी जवळजवळ बंद. तूप, खोबरेल तेल, साय, पनीर यांवर भर. शरीर साखरेऐवजी चरबी जाळू लागते, कीटोन तयार होतात आणि बऱ्याच मुलांच्या फिट कमी होतात. हे नवे फॅड नव्हे, १९२१ सालापासूनचा उपचार आहे. मुंबईच्या डॉक्टरांनी आपल्याकडील मुलांचा अनुभव २००९ साली 'इंडियन पेडिअ‍ॅट्रिक्स' या नियतकालिकात मांडला आहे.

आता हृदयाचे. २००३ साली अमेरिकेत अशा १४१ मुलांचे रक्त तपासले गेले. सहा महिन्यांत वाईट कोलेस्टेरॉल वाढले, चांगले घटले. पुढे ही वाढ काहीशी उतरली, पण पूर्ण गेली नाही. तरीही हा आहार साधारण दोन वर्षांचा असतो, जन्मभराचा नाही. आवरता न येणारी फिट मात्र मुलाचा जीवही घेऊ शकते. म्हणून केवळ तुपाच्या भीतीने उपचार नाकारणे मला पटत नाही.

खरी काळजी वेगळीच आहे. २००० साली अमेरिकेतच अशा २० मुलांचे ई.सी.जी. पाहिले, तेव्हा तिघांत क्यू-टी हे अंतर वाढलेले आढळले. अशाने हृदयाचे ठोके अचानक बिघडू शकतात. एकाचे हृदय तर फुगून दुबळे झाले होते. आहार थांबवल्यावर ते सुधारले. शिवाय या ताटात सेलेनियम हे खनिज कमी पडते व त्यानेही हृदयाचा स्नायू दुबळा होतो. म्हणून जीवनसत्त्वे-खनिजांची बिनसाखरेची पूरक औषधे चुकवायची नाहीत. काही मुलांना जन्मतःच चरबी पचवता येत नाही. त्यांना हा आहार घातकच. ती तपासणी आधी झालीच पाहिजे. मोबाईलवर पाहून घरच्या घरी तूप सुरू करणाऱ्यांवर माझा राग आहे तो याचसाठी.

आहार सुरू करण्यापूर्वी ई.सी.जी. करा आणि मग तज्ज्ञ सांगतील तेव्हा पुन्हा. ई.सी.जी. आपल्या गावातही निघतो, त्यासाठी मुंबई गाठावी लागत नाही. फिटची औषधे मनाने बंद करू नका.

आजीने निघताना विचारले, गुळाचा खडा चालेल का? नाही चालणार. खोकल्याचे गोड औषधसुद्धा नाही. आणि मूल आजारी पडून दवाखान्यात नेले, तर सलाईन लावण्यापूर्वीच हा आहार चालू असल्याचे डॉक्टरांना सांगा. ग्लुकोजच्या सलाईनने फिट परत येऊ शकते.