सांगणारी आणि लिहिणारी

जुन्या कथांचें पुस्तक हातीं आलें म्हणजे वाचक ग्रंथकर्त्याचें नांव वाचतो आणि सारें श्रेय त्यालाच देऊन मोकळा होतो. परंतु अशा ग्रंथाला पुष्कळदां दोन कर्ते असतात. मेरी फ्रिअर या विदुषीचें ‘ओल्ड डेक्कन डेज’ हें पुस्तक याचें उत्तम उदाहरण होय.

मेरीचे वडील सर बार्टल फ्रिअर हे १८६२ ते १८६७ पर्यंत मुंबईचे गव्हर्नर होते. १८६५-६६ च्या हिवाळ्यांत ते दख्खनच्या दौऱ्यावर निघाले, तेव्हां २० वर्षांची मेरी त्यांच्याबरोबर होती. आई विलायतेस, छावणींत सोबतीस स्त्री अशी एक आयाच, ॲना लिबेराता डिसूझा. मेरीनें तिला गोष्ट सांगण्याची विनंति केली. ॲनानें लहानपणीं आजीच्या तोंडून ऐकलेल्या गोष्टी सांगितल्या. पोपटांत प्राण ठेवणारा मांत्रिक, छपराच्या टिपटिपीला भ्यालेला वाघ व त्याला गाढव समजून झोडपणारा कुंभार, हीं सारीं मंडळी अशा रीतीनें कागदावर उतरलीं. २४ कथांचा हा संग्रह १८६८ सालीं लंडन येथें प्रसिद्ध झाला.

कथा लिहून झाली म्हणजे ती ॲनाला वाचून दाखवावी व बरोबर उतरल्याची खात्री करून घ्यावी, असा मेरीचा परिपाठ होता. ॲनाची जीवनकहाणीहि तिनें पुस्तकांत घातली. हा प्रामाणिकपणा स्तुत्य खराच. तथापि पहिल्या पानावर मेरीचें नांव आहे, प्रस्तावना लिहिणाऱ्या वडिलांचें आहे, ॲनाचें नाहीं. हें न्याय्य नव्हे, असें आमचें मत आहे.

कोणी म्हणेल, गोष्टी तर सर्वांच्याच. सांगणारीनें नवें काय केलें? पण आजीची गोष्ट अनेक वर्षें जिवापाड जपणें व ती रंगवून सांगणें, हे श्रम लेखणीच्या श्रमांहून हलके नव्हेत. पूर्वीं वृद्ध माणसें आवडीनें गोष्टी सांगत, आतां त्यांना पैशाचीच गोडी लागली आहे, असा खेद ॲनानें त्या वेळींच व्यक्त केला होता.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्या घरींहि आजी असेल. तिची गोष्ट ऐका, लिहून काढा, तिला वाचून दाखवा आणि वर तिचेंच नांव प्रथम घाला. पालकांस विनंति एवढीच कीं, आठवड्यांतून एक संध्याकाळ त्यांनीं मुलांना अभ्यासांतून मोकळें करून आजीजवळ बसूं द्यावें.